दीपकाडीला कायदा वाचवेल का? आधी सातबारा काढा

राजापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: "आमच्या गावच्या सड्यावर पहिल्या पावसानंतर दीपकाडी फुलते. कोकणाबाहेर ती कुठे मिळत नाही म्हणतात. आता सड्याच्या एका अंगाला चिरेखाणीसाठी मोजणी झाली आहे. इतकी दुर्मीळ वनस्पती आहे म्हटल्यावर तिला कायद्याचं संरक्षण असेलच ना? नसेल तर ते मिळवायचं कसं?"

ताई, आपोआप काहीच मिळत नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण "दुर्मीळ आहे म्हणजे सरकारी यादीत असणारच" या भरवशावर राहिलेल्या गावांचे सडे, म्हणजे कोकणातली ही जांभ्याची कातळपठारं, उकरले गेलेले मी पाहिले आहेत. मी वकील. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बावीस वर्षं जमिनीचे आणि पर्यावरणाचे दावे चालवतो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. आपल्याकडे झाडाचं भवितव्य झाडाच्या नावावर ठरत नाही, ते ज्या गटात उगवतं त्या गटाच्या सातबाऱ्यावर ठरतं. म्हणून प्रश्न थोडा उलटा करू. दीपकाडीला कोणता कायदा लागू आहे हे नंतर पाहू. ती उगवते ती जमीन कोणाची आहे आणि त्या जमिनीला कोणता कायदा लागू करता येईल, हे आधी बघू.

तरी यादीचं एकदाच सांगून टाकतो, म्हणजे मनात शंका राहणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. वनस्पतींसाठीचं वेगळं प्रकरण त्यात 1991 च्या दुरुस्तीने आलं. पुढची तीस वर्षं त्या कायद्याच्या वनस्पतींच्या यादीत संपूर्ण देशातल्या मोजून सहा नोंदी होत्या: बेडोमचा सायकस, निळी वांडा, लाल वांडा, कुठ, लेडीज स्लिपर ऑर्किड आणि खासी टेकड्यांतली घटपर्णी. 2022 च्या दुरुस्तीनंतर यादी वाढली. ती आता तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि दक्षिणेतली नीलकुरिंजीही तिच्यात आली. आपली दीपकाडी त्यात नाही. आणि समजा उद्या आली, तरी कलम 17अ नीट वाचा. ठरवून दिलेली वनस्पती तोडायला, उपटायला, गोळा करायला मनाई आहे ती वनजमिनीवर किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात. तुमचा सडा वनखात्याचा नसेल, आणि कोकणातले बहुतेक सडे नसतातच, तर यादीत नाव येऊनही कातळातल्या खळग्यातल्या कंदावरून जेसीबी फिरवणाऱ्याला हे कलम सहजासहजी अडवत नाही.

आंतरराष्ट्रीय लाल यादीचंही तसंच. ती शास्त्रज्ञांनी केलेली, अतिशय मोलाची नोंद आहे. अर्जाला जोडा, तिचा उपयोग होतो. पण तो कायदा नव्हे. तहसीलदारावर ती बंधनकारक नाही.

आता जमिनीकडे येऊ.

सड्याचा सातबारा काढलात तर लागवडीच्या रकान्यात बहुधा "पोटखराबा" दिसेल, किंवा वरकस, नाहीतर गुरचरण. महसुलाच्या भाषेत ही निकामी जमीन. पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशातही खडकाळ पठार हा पडीकचाच एक प्रकार धरलेला आहे. म्हणजे खाणमालकाचा अर्ज येतो तेव्हा कागद आधीच त्याच्या बाजूने बोलत असतो: इथे काही नाही, घ्या.

आणि खरी अडचण महिन्यांची आहे. दीपकाडी कंदाची वनस्पती. पाऊस संपला, पानं वाळली, की पुढचा जून येईपर्यंत ती जमिनीत असते. वर्षातले सात-आठ महिने वर काहीही दिसत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावाच्या बाजूने मी खाणीच्या परवान्याला हरकत घेतली होती. पाहणी लागली मार्च महिन्यात. दुपारचे दोन वाजलेले, कातळावर पाय ठरत नव्हता. पंचनाम्यात लिहिलं गेलं: "सदर क्षेत्र ओसाड, खडकाळ व वनस्पतिविरहित आहे." सोबतच्या एका म्हाताऱ्या गावकऱ्याने बोटाने खळगे दाखवले, "हितं पावसात पांढरी फुलं येतात सायब" असं दोनदा सांगितलं. ते वाक्य कागदावर आलं नाही. पंचांनी सही केली, कारण डोळ्यांना दिसत होतं ते तेच होतं. त्या कार्यालयाने मुद्दाम खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण त्या एका ओळीने आमची हरकत निकालात निघाली. पुढे अपिलात आम्ही जूनचे फोटो दिले, तेव्हा विचारलं गेलं, हे याच गटातले कशावरून?

म्हणून तुमचं पहिलं काम पुरावा, आणि तो फक्त जून-जुलैत तयार होतो. अशा सड्यावर मी स्वतः कसा पुरावा गोळा करतो ते सांगतो. कातळात ताटाएवढा खळगा असतो, त्यात चार बोटं माती साठलेली. गेल्या खेपेला एका खळग्यात मी अकरा दांडे मोजले. काळा ओला जांभा आणि त्यातून वर आलेले पांढऱ्या, लांब नळीच्या फुलांचे दांडे. अशा खळग्याचे तीन फोटो लागतात. एक फुलाचा जवळून. एक पूर्ण खळग्याचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि तिसरा, जो सगळे विसरतात, लांबून, ज्यात गटाची हद्द ओळखू येईल: मोजणीचा दगड, गडगा, विजेचा खांब, देवळाचा कळस, काहीही. फोनमध्ये तारीख आणि ठिकाणाची नोंद चालू ठेवा. त्याच दिवशी तलाठी किंवा ग्रामसेवक यांना सोबत येण्याची लेखी विनंती द्या आणि पोच घ्या. ते आले तर जागेवरच पंचनामा करून घ्या. नाही आले तर ती पोचच पुढे कामाला येते. कंद उपटू नका. ओळख पटवण्यासाठी फुलांसह एक दांडा आणि चांगले फोटो पुरतात. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. तिथल्या तज्ज्ञाचं एक ओळीचं पत्र, "ही डिपकॅडी कोंकानेन्सच आहे", सातबाऱ्याला जोडलं की कागदाचं वजन बदलतं. डाल्झेलने 1850 साली हिचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं. दीपकाडी हे नाव त्या शास्त्रीय नावावरूनच रुळलं. नावातच कोकण आहे, आणि तेही अर्जात लिहा.

हा पुरावा न्यायचा कुठे? ग्रामसभेत, आणि तिथून गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे. जैविक विविधता कायदा 2002 चा आहे आणि कलम 41 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी समिती हवी. लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवणं हे तिचं मुख्य काम. तुमच्या गावची नोंदवही मागून बघा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली होती, तेव्हा घाईघाईत पुष्कळ वह्या तयार झाल्या. माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येक वह्यांत आंबा, काजू, फणस, नारळ, कोकम आहेत. सडा नाही. गावाचं निम्मं क्षेत्र कातळ असून त्याचं एक पान नाही. तसं असेल तर नोंदवहीत भर घालण्याचा ठराव करून घ्या. वही एकदा झाली म्हणजे मिटली असं नसतं. त्यात दीपकाडीबरोबर सड्यावरची बाकीची मंडळीही येऊ द्या: सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद. कातळातल्या त्या एवढ्याशा पाण्यावर सगळ्यांचं मिळून चालतं, आणि कायद्यापुढे एका वनस्पतीपेक्षा एका परिसराची बाजू नेहमी भक्कम ठरते.

हे शेवटचं वाक्य जरा उलगडून सांगतो, कारण माझा सगळा भर त्याच्यावर आहे. कोकण किनाऱ्यावर कायद्याने खरोखर तगून राहिलेली वनस्पती कोणती, तर कांदळवन. तिवर किंवा चिप्पी ही काही दुर्मीळ झाडं नव्हेत. ती टिकली कारण किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी त्यांची जागा पकडली, मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोड थांबवली, 2018 मध्ये तो आदेश कायम झाला आणि कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही हात लावायला बंदी आली. जागा वाचली म्हणून झाड वाचलं. दीपकाडीचं याहून अवघड आहे. तिच्या खळग्यात पाणी येतं ते आजूबाजूच्या कातळावरून वाहत. खळगा राखला आणि वरच्या अंगाला चिरे काढायला पंधरा फूट खड्डा पाडला, तर पाणी खड्ड्यात जाईल. खळगा कोरडा पडेल. आंब्याच्या कलमांची बाग करायला सुरुंग लावून, बाहेरून माती आणून कातळ भरला तरी तेच. म्हणून मागणी करताना फुलांचे चार खळगे मागू नका. त्यांच्यावर पाणी आणणारा उतार धरून क्षेत्र मागा.

असं क्षेत्र कायद्याने बांधण्याच्या दोन वाटा मला व्यवहार्य वाटतात. पहिली, जैविक विविधता कायद्याच्या कलम 37 खाली जैवविविधता वारसा स्थळ. स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून राज्य सरकार ते अधिसूचित करतं. प्रस्ताव समितीच्या ठरावासह नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो. क्षेत्र लहान आहे म्हणून संकोच करू नका. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथलं मायरिस्टिकाचं, म्हणजे जायफळाच्या जातकुळीतल्या झाडांचं, दलदलीतलं जंगल 2021 मध्ये वारसा स्थळ झालं, त्याचं क्षेत्र 2.59 हेक्टर. त्याच वर्षी आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाचा परिसर झाला, एका छोट्या माशासाठी, तो 2.11 हेक्टर. दोन्ही सिंधुदुर्गातले. दोन्ही ठिकाणी श्रद्धेने राखलेली जागा आधीपासून होती, कायदा तिच्या मागून आला. तुमच्या सड्यावर देवाची जागा असेल, पालखी जात असेल, गावऱ्हाटीचं, म्हणजे गावच्या देवाच्या रूढी-मानपानाचं, काही असेल, तर ते प्रस्तावात पहिल्या पानावर लिहा. सड्यावर कातळशिल्प असेल तर आणखी चांगलं. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली जी ठिकाणं गेली त्यांत बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे ही तुमच्याच तालुक्यातली आहेत. चित्रं कातळावर, फुलं कातळात. पुरातत्त्वाची फाईल आणि जैवविविधतेची फाईल एकाच गटासाठी चालली तर त्या गटाला खाण देणं कोणालाही जड जातं.

दुसरी वाट वन्यजीव कायद्यातल्या कलम 36क खालचं सामुदायिक राखीव क्षेत्र. जमीन खाजगी किंवा गावाची, आणि मालकाने स्वतःहून राखायला दिलेली. मालकी मालकाचीच राहते, मात्र अधिसूचनेनंतर जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्याची मंजुरी लागते. हा बंध मजबूत आहे. इतका मजबूत, की गावात मांडताना आधी चार वेळा समजावून सांगावं लागतं.

मला विचाराल तर आधी वारसा स्थळ. कारण त्याच कलम 37 मध्ये, अधिसूचनेमुळे ज्यांचं आर्थिक नुकसान होईल त्यांच्यासाठी भरपाई किंवा पुनर्वसनाची योजना राज्याने करावी असं लिहिलेलं आहे. आणि गवत कापणं, गुरं चारणं, खळग्यात नाचणी-वरी करणं असं जे चालत आलंय ते बंद पाडणं हा वारसा स्थळाचा हेतूच नाही.

कलम 38 चंही सांगतो. नामशेष होण्याच्या वाटेवरच्या प्रजाती केंद्र सरकार राज्याच्या सल्ल्याने अधिसूचित करू शकतं, मग त्या गोळा करण्यावर बंदी किंवा नियंत्रण येतं. मंडळाला पत्र द्याल तेव्हा दीपकाडीचा या दृष्टीने विचार व्हावा अशी मागणी जरूर करा. पण तो बंध गोळा करण्यावरचा आहे, उत्खननावरचा नाही. शिवाय या कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा 2023 च्या दुरुस्तीने गेली, 1 एप्रिल 2024 पासून फक्त दंड. एवढ्यावर विसंबून राहू नका.

आता मालकांबद्दल. इथे बहुतेक प्रस्ताव अडकतात. सड्याचा एक गट म्हणजे पंचवीस-तीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, दोन-चार मयत आणि वारस लागलेले नाहीत. चिरेखाणीचा माणूस यातल्या तिघा-चौघांना गाठून संमतीपत्र घेतो. त्यांच्यावर रागावू नका. घराचं छप्पर, पोरीचं शिक्षण, दवाखाना, आणि हातात कातळाचा एक तुकडा. समोर रोख पैसे ठेवणारा माणूस तो एकटाच असतो. आपण त्या घरी जाऊन "तुमच्या जमिनीत दुर्मीळ वनस्पती आहे, आता काही करता येणार नाही" असं सांगितलं, तर पुढच्या जूनमध्ये तिथे फूल दिसणार नाही. कंद काढून टाकायला एका माणसाला एक सकाळ पुरते. हे मी एकदा होताना पाहिलं आहे आणि त्याला माझीच घाई कारणीभूत होती. मी आधी नोटीस पाठवली, घरी नंतर गेलो. तेव्हापासून मी कोणत्याही मालकाच्या ओटीवर बसून चहा घेतल्याशिवाय कागद काढत नाही.

म्हणून वेळापत्रक गावाच्या वर्षाप्रमाणे ठेवा. जून-जुलैत पुरावा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत फोटो आणि नोंदवहीचा ठराव. फुलं नुकतीच सगळ्यांनी पाहिलेली असतात, बोलायला सोपं जातं. गणपतीला चाकरमानी आले की सहहिस्सेदारांची बैठक. सगळे एका गावात असण्याचा वर्षातला तोच आठवडा. क्षेत्राचा नकाशा समोर ठेवा, कोणाचा किती भाग जातो ते गुंठ्यात सांगा, आणि गावाला गुरचरणातली किंवा देवस्थानाची जमीन आधी देता येईल का ते बघा, म्हणजे खाजगी क्षेत्र कमीत कमी लागतं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वारसा स्थळाचा ठराव.

इकडे खाणीचा अर्ज थांबणार नाही, त्याच्याशी समांतर लढावं लागेल. जांभा चिरा हे गौण खनिज. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या दीपक कुमार निकालापासून पाच हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते. माहितीच्या अधिकारात त्या मंजुरीचा अर्ज मागवा आणि त्यात परिसरातल्या वनस्पतींबद्दल काय लिहिलंय ते पाहा. "दुर्मीळ प्रजाती नाहीत" असं असेल आणि तुमच्याकडे तज्ज्ञाच्या पत्रासह तारखेचे फोटो असतील, तर हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे तुमची बाजू उभी राहते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. न्यायाधिकरण पर्यावरण संरक्षण कायदा आणि जैविक विविधता कायद्याखालचे वाद ऐकतं, वन्यजीव कायदा त्याच्या अनुसूचीत नाही. अर्जाची मांडणी त्याप्रमाणे करा. आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जा; दिलेल्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध थेट अपील करायचं असेल तर मात्र तीसच दिवस. त्यानंतर फार तर साठ दिवस, तेही सबळ कारण असेल तर.

कोणीतरी तुम्हाला सुचवेल की कंद काढून दुसऱ्या सड्यावर लावून देतो. नाही म्हणा. वनस्पती उद्यानात काही कंद जपणं चांगलंच, कोल्हापूरच्या विद्यापीठ उद्यानात अशा प्रदेशनिष्ठ वनस्पती मोठ्या निगुतीने राखल्या आहेत. तो विमा आहे, सड्याची किंमत नव्हे. खळग्याची माती, पाण्याची वाट, फुलावर येणारे कीटक हे काही टोपलीतून नेता येत नाही.

एक विनंती. फुलं आली की ठिकाणाचा नकाशा समाजमाध्यमांवर टाकू नका, शाळेतल्या मुलांनाही तसं समजावा. फोटो टाका, गावाचं नाव टाका हवं तर, पण गट आणि खळगा नको. नोंदवहीतही नेमकी ठिकाणं वेगळ्या बंद पाकिटात, समितीच्या ताब्यात ठेवा. फोटोसाठी येणाऱ्यांच्या पायाखाली चार बोटं मातीचा खळगा एका रविवारी घट्ट होतो. कासचं पठार राखीव वन असून तिथे रोजची माणसं मोजून सोडावी लागली. तुमच्या सड्यावर मोजायला कोणी नाही.

तूर्त मला तीन कागद पाठवा: मोजणी झालेल्या गटाचा सातबारा, त्याला लागून वरच्या उताराच्या गटांचे सातबारे, आणि मोजणीची नोटीस, तिच्यावरची तारीख दिसेल असा फोटो काढून. सहा महिन्यांचा हिशेब त्या तारखेपासून मांडायचा की पुढच्या आदेशापासून ते मी बघतो. तलाठ्यांना द्यायच्या विनंतीचा मसुदा या आठवड्यात तुमच्याकडे येईल. तारखेची जागा मोकळी ठेवतो. पहिला दांडा दिसला की त्याच दिवशी ती भरा आणि स्वतः नेऊन द्या.